दोन अळ्या आणि एक विष



परिस्थितिविज्ञान हा शब्द कानी पडला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्ये, वाघ-हरणे, नाहीतर समुद्रतळीची पोवळी उभी राहतात. महाविद्यालयात जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनाही ह्या शास्त्राची पहिली ओळख बहुधा अशाच दूरदेशीच्या चित्रांतून होते. आणि मग अन्नसाखळी, मर्यादक घटक, जीवसमुदाय हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात व परीक्षेबरोबरच विसरले जातात. म्हणून आज मी आपणांस अरण्यात न नेता एका कपाशीच्या वावरात नेणार आहे.

छत्रपती संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे अदमासे तीस किलोमीटरांवर फुलंब्री हे तालुक्याचे गाव लागते. हा मुलूख गिरिजा नदीच्या खोऱ्यातला. गिरिजेचे पाणी पूर्णेला मिळते आणि पूर्णेचे गोदावरीला. काळ्या पाषाणाची युगानुयुगे झीज होऊन झालेली येथील माती काही ठिकाणी कमरेइतकी खोल, तर माळावर वीतभरही नाही. पाऊस सरासरीने ७०० मिलिमीटरांच्या आसपास, तोही लहरी. अशा जमिनीत कापूस, मका, बाजरी, तूर ही पिके शेजारीशेजारी उभी असतात. प्रवाशाला त्यात पाहण्यासारखे काही वाटत नाही. परंतु परिस्थितिविज्ञानाचे पहिले चार धडे ज्याला पक्के करावयाचे असतील त्याने ह्याच वावरात उतरावे, असे माझे मत आहे.

ह्या शास्त्राचे पाश्चात्य नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल ह्याने १८६६ साली बनविले, ते 'घर' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. घर म्हटले म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. त्यात राहणारी माणसे आली, त्यांचे नातेसंबंध आले, चूल आली, येणारेजाणारे आले. जीवाचा त्याच्या घराशी आणि घरातील इतरांशी जो व्यवहार चालतो, त्याचा अभ्यास हे ह्या शास्त्राचे काम. एखादा प्राणी कसा आहे हे शरीरशास्त्र सांगते. तो येथे का आहे, इतकाच का आहे, आणि उद्या राहील की नाही, हे प्रश्न परिस्थितिविज्ञानाचे. ह्यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जीवाच्या अंगच्या गुणांत जेवढे सापडते, त्याहून अधिक त्याच्या शेजारपाजारात सापडते. हे विधान वरवर फार सोपे दिसते. ते खरे आहे की नाही हे तपासण्याची उत्तम संधी कपाशीवरील दोन अळ्यांनी आपणांस दिली आहे.

पहिली हिरवी बोंडअळी. हिला शेतकरी अमेरिकन बोंडअळीही म्हणतात. पण नावावर जाऊ नये, ही जुन्या जगातलीच आहे, अमेरिकेहून आलेली नव्हे. ही खादाड आणि सर्वभक्षी. कपाशीचे बोंड मिळाले तर उत्तमच. न मिळाले तर तुरीची शेंग, हरभऱ्याचा घाटा, टोमॅटो, मक्याचे कणीस, सूर्यफूल, कशालाही तिची ना नाही.

दुसरी गुलाबी बोंडअळी. जुने लोक हिला शेंदरी अळी म्हणत. विल्यम सॉन्डर्स ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली हिचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि तेही हिंदुस्थानात कपाशीचा नाश करताना सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही आपल्या चांगल्याच परिचयाची. हिचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेराहूनही लहान, रात्री हिंडणारा. अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. शिरल्याचे भोक पुढे मिटून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते आणि आत अळी सरकी पोखरीत बसलेली असते. फुलात शिरली तर पाकळ्या रेशमाने एकत्र ओढून घेते. ते फूल पुरते उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. त्याला आपले शेतकरी डोमकळी म्हणतात. हिचा आहार जवळजवळ एकाच झाडाचा. भेंडी-अंबाडीच्या कुळातील थोडी झाडे तिला अगदीच वर्ज्य नाहीत, पण खरा संसार कपाशीवरच.

पाठ्यपुस्तकांत एक उपमा नेहमी दिलेली असते, की जीवाचा अधिवास म्हणजे त्याचा पत्ता आणि परिसंस्थेतील त्याचे स्थान म्हणजे त्याचा धंदा. ह्या दोन अळ्यांचा पत्ता एकच आहे, धंदे मात्र निराळे. एक बाजारात बसलेला दहा मालांचा दुकानदार; दुसरी एकाच गिऱ्हाइकावर पोट असलेला कारागीर. आता असे समजा की त्या बाजारात एके दिवशी एकाच जातीचे संकट आले.

ते संकट म्हणजे बीटी कापूस. मातीत सापडणारा एक जिवाणू अळ्यांस मारक असे प्रथिन तयार करतो. १९०१ साली जपानात इशिवाता ह्याला तो रेशमाच्या मेलेल्या किड्यांत आढळला. पुढे १९११ साली जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात बर्लिनर ह्याने त्याचे वर्णन केले आणि त्या प्रांताचे नाव त्यास चिकटले. ह्या जिवाणूचे जनुक कपाशीत घातले म्हणजे झाड स्वतःच ते प्रथिन बनविते आणि पान किंवा बोंड कुरतडणारी अळी मरते. २००२ च्या मार्चमध्ये अशा कपाशीस भारतात लागवडीची परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. दहाबारा वर्षांच्या आत देशातील कपाशीच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र ह्या वाणांनी व्यापले. ह्यात नवल नव्हते. त्यापूर्वीच्या दशकात हिरव्या बोंडअळीने फवारण्यांनाही न जुमानता कापूस उत्पादकांस पुरते नागविले होते, आणि नवे बियाणे आल्यावर पहिली काही वर्षे बोंडे खरोखरच स्वच्छ निघाली.

आता दोन्ही अळ्यांचे पुढे काय झाले पाहा. विष तेच, वावर तेच, वर्षेही तीच. हिरवी अळी आजही कपाशीवर बव्हंशी दबलेली आहे. गुलाबी अळीने मात्र गुजरातेत २०१० पर्यंत पहिल्या जनुकास दाद देणे सोडले, आणि पुढच्या पाचसहा वर्षांत दुसऱ्यासही. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील वावरेच्या वावरे तिने फस्त केली. कवडी झालेला, डागाळलेला कापूस वेचण्याची मजुरीही सुटेना म्हणून पुष्कळांनी उभ्या पिकात नांगर घातला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. तेव्हा हा विषय केवळ परीक्षेतील दहा गुणांचा नाही, हे श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच.

एक दबली आणि दुसरी उसळली ती का? गुलाबी अळी अधिक बळकट असल्याचा काही पुरावा नाही. उत्तर शोधावयाचे ते तुरीच्या ओळीत.

कोणत्याही कीटकाच्या लक्षावधी व्यक्तींत एखाददुसरी व्यक्ती विशिष्ट विष पचविणारी निघतेच. तो गुण बहुधा सुप्त स्वरूपाचा असतो. म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच अपत्यात प्रकट होतो, एकाकडूनच आला तर अपत्य विषाने मरते. आता हिरवी अळी कपाशीवर मेली तरी तिची भावंडे शेजारच्या तुरीवर, पलीकडच्या मक्यावर, पुढे हरभऱ्यावर सुखाने वाढत असतात. त्यांस बीटीचे विष कधी शिवलेलेच नसते. कपाशीतून एखादा चिवट पतंग वाचून निघाला तरी त्याला जोडीदार मिळतो तो ह्या असंख्य साध्या पतंगांतला. त्यांची पिल्ले पुन्हा कपाशीवर गेली की मरतात. चिवटपणाचा गुण असा गर्दीत विरून जातो.

गुलाबी अळीला तूर नाही, मका नाही. तिचे सगळे जग कपाशी, आणि शंभरातील नव्वद झाडे विषारी. जगते ती चिवट, आणि तिला जोडीदार भेटतो तोही चिवटच, कारण दुसरे कोणी उरलेलेच नाही. मग पाचदहा वर्षांत सगळी जातच विष पचविणारी होते. निसर्गनिवड ह्या शब्दाचा अर्थ समजावयास गालापागोस बेटांवर जाण्याची जरुरी नाही. तो फुलंब्रीच्या शिवारात डोळ्यांदेखत घडला आहे.

शास्त्रज्ञांस हे आधी ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. म्हणूनच बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याचे निराळे पाकीट देण्यात येई, आणि ते कडेने लावावे असा नियम होता. ह्या साध्या झाडांस आश्रयपीक म्हणतात. त्यांवर अळ्या वाढाव्या, त्यांतून साधे पतंग निघावे, आणि चिवट पतंगांस साधे जोडीदार मिळावे, एवढाच त्यांचा हेतू. अळीला मुद्दाम जेवू घालण्याची ही योजना दोनतीन एकरांच्या धन्यास कशी पटावी? त्या पाकिटातील बियाणे पुष्कळदा हलके असे, आणि आपला पाचवा हिस्सा किडीला देण्याचे कारण त्याच्या भाषेत त्याला समजावून सांगितले असे फारच क्वचित घडले. बहुतेक पाकिटे बांधावर नाहीतर उकिरड्यावर गेली. पुढे साधे बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, पण तोवर गुलाबी अळीपुरता तरी उशीर झाला होता. शेतकऱ्यास अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला तो दोष त्याहून पुष्कळ अधिक शिकवणाऱ्यांचा वाटतो.

आता संख्येचा धडा. गुलाबी अळीची मादी शंभर-दीडशे अंडी सहज घालते. हिशेबाच्या सोयीसाठी शंभरच धरू, त्यांत पन्नास माद्या. उष्ण हवेत पिढीस सुमारे एक महिना लागतो. पहिल्या पिढीत ५० माद्या, दुसरीत २,५००, तिसरीत १,२५,०००, आणि चौथीत ६२,५०,०००. ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत एवढा अवधी मिळतो. प्रत्यक्षात असे होत नाही, कारण त्यांतील बहुतेक मरतात. एखाद्या जीवाची संख्या वर्षानुवर्षे स्थिर राहावयाची तर प्रत्येक जोडप्याच्या शंभर अपत्यांपैकी सरासरी अठ्ठ्याण्णव मेलीच पाहिजेत. परिस्थितिविज्ञानाच्या विद्यार्थ्याने 'अळ्या इतक्या कशा वाढल्या' असे विचारण्याऐवजी 'अठ्ठ्याण्णव मारणारे कोण होते आणि ते कोठे गेले' असे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

मारणारे पुष्कळ आहेत. ट्रायकोग्रामा नावाचा टाचणीच्या माथ्याएवढाही नसलेला कीटक पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालतो. कोळी, मुंग्या, ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या अंडी आणि नवजात अळ्या खातात. जोराचा पाऊस अंडी धुऊन नेतो. परंतु अळी एकदा बोंडात शिरली की तिच्यापर्यंत यांच्यापैकी फारसे कोणी पोहोचत नाही, आणि आपली फवारणीही पोहोचत नाही. फवारणी मारते ती बाहेर उघड्यावर हिंडणाऱ्या ह्या राखणदारांस. घाईने, वेळ न पाहता मारलेले औषध शत्रूला घरात सुरक्षित ठेवून पहारेकऱ्यास गोळी घालण्यासारखे आहे.

राखणदारांचे सामर्थ्य किती असते ह्याचे उदाहरण फार जुने नाही. बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्यावर २००६ च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकूण हा परदेशी कीटक एकाएकी बोकाळला. झाडे पिठाने माखल्यासारखी पांढरी दिसू लागली. दोनतीन वर्षांतच एक सूक्ष्म परजीवी कीटक त्यास येऊन भिडला. तो कोणी मुद्दाम आणून सोडला नव्हता. पिठ्या ढेकणाच्या अंगात तो आपली अंडी घाली, आणि बहुतेक ठिकाणी ती साथ त्याने आटोक्यात आणली.

मग गुलाबी अळीचा कच्चा दुवा कोणता? येथे मर्यादक घटकाची कल्पना उपयोगी पडते. लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते: पिकाची वाढ जी गोष्ट सर्वांत तुटपुंजी असेल तिच्यावर अडते, मग बाकी सर्व विपुल का असेना. गुलाबी अळीस हवा मानवते, शत्रू पुरे पडत नाहीत, विष पचते. तिला तुटवडा आहे तो एकाच गोष्टीचा, आणि ती म्हणजे कपाशी नसलेल्या महिन्यांतील अन्न. हा उपासाचा काळ ती झोपून काढते. दिवस लहान होऊन थंडी पडू लागली की अळ्यांपैकी काही सरकीच्या पोटात, किडक्या बोंडात किंवा जमिनीतील फटीत सुप्तावस्थेत जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या सुमारास पतंग होऊन बाहेर पडतात. पतंगाचे आयुष्य एकदोन आठवड्यांचे. तेवढ्यात कपाशीची पाती किंवा फुले मिळाली नाहीत तर त्याचा वंश तेथेच खुंटतो.

आता फुलंब्रीच्या किंवा कोणत्याही कापूसपट्ट्याच्या वर्षक्रमाकडे पाहू. ज्याच्या विहिरीस पाणी आहे तो मे महिन्यातच ठिबकावर कपाशी लावतो, म्हणजे लवकर उठलेल्या पतंगांस जुलैत पाती तयार मिळतात. दिवाळीनंतर मुख्य वेचण्या आटोपतात, पण पीक उपटून न टाकता पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे ठेवले जाते. ह्याला फरदड म्हणतात. त्यात चार पैसे मिळतात हे खरे, आणि रब्बीचे दुसरे पीक घेण्याइतके पाणी किंवा भांडवल नसलेल्यास ते चार पैसे सोडवत नाहीत. उपटलेल्या पऱ्हाट्या सरपणासाठी बांधावर किंवा घरामागे रचून ठेवतात; त्यांना लटकलेल्या किडक्या बोंडांत अळी मजेत झोपते. कापूस जिनिंग कारखान्यात गेला की सरकीबरोबर अळीही तेथे जाते, आणि कारखान्याच्या आवारातून निघालेले पतंग भोवतालच्या शिवारात उतरतात. उपासाचे महिने दोन्ही टोकांनी असे आखूड होत गेले.

१९३५ साली टॅन्सले ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने परिसंस्था ही संज्ञा रूढ केली, तेव्हापासून विद्यार्थ्यांस एक प्रश्न पडत आला आहे, की परिसंस्थेची सीमा कोठे आखावयाची? कपाशीच्या वावराची सीमा बांध ही नव्हे. तिच्यात शेजाऱ्याचे फरदड आले, पलीकडचा ठिबक आला, चुलीजवळची पऱ्हाट्यांची रास आली, दहा मैलांवरचा जिनिंग कारखाना आला. एकट्या शेतकऱ्याने डिसेंबरात पीक काढून वावर स्वच्छ केले तरी पतंगाला सातबारा वाचता येत नाही. म्हणूनच कृषि विद्यापीठे आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था फरदड घेऊ नका, हंगाम डिसेंबरअखेर संपवा, पऱ्हाट्यांचा नाश करा, असे जे सांगतात, ते गावाने मिळून केले तरच फळते.

सर्वांनी मिळून केले म्हणजे काय होते, ह्याचा दाखला अमेरिकेत आहे. तेथे ही अळी १९१७ साली टेक्सासमध्ये प्रथम आढळली आणि २०१८ साली कापूस पिकविणाऱ्या सर्व प्रदेशांतून ती निर्मूल झाल्याचे तेथील सरकारने जाहीर केले. बीटी कापूस तोच होता. परंतु त्याच्या जोडीला ठरल्या मुदतीत पऱ्हाट्या गाडण्याची सक्ती होती, नराला भुलविणाऱ्या गंधाचा वापर होता, आणि कारखान्यात वाढवून किरणोत्साराने वांझ केलेले पतंग कोट्यवधींच्या संख्येने सोडले जात होते. चिवट पतंगास जोडीदार मिळे तो वांझ. आश्रयपिकाचे काम हेच, फक्त रीत निराळी. आपल्याकडील लहान लहान वावरे, लाखो खातेदार आणि सौम्य हिवाळा पाहता त्या मोहिमेची हुबेहूब नक्कल येथे होईल असे मला वाटत नाही. त्यातील उपासाचे महिने वाढविण्याचा भाग मात्र येथेही शक्य आहे, आणि त्याला किरणांची गरज नाही.

जीवशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्यांस हे सर्व स्वतः पाहावयाचे असेल त्यांनी दसऱ्याच्या सुमारास एखाद्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन वावरात जावे. आधी डोमकळ्या मोजाव्या. मग कोपऱ्याकोपऱ्यांतून आणि मधूनही, निवड न करता, वीस हिरवी बोंडे तोडावी. ती लिंबाएवढी असावी. प्रत्येक बोंड अंगठ्याने दाबून उकलावे. वीसांत दोन किडकी निघाली तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. गंधाचा सापळा लावलेला असेल तर रोज सकाळी त्यातील पतंग मोजावे. लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडणे ही दुसरी खूण. त्याच फेरीत शेजारच्या तुरीवरही नजर टाकावी आणि हिरव्या अळ्या दिसल्यास त्यांची निराळी नोंद ठेवावी. बोंडात अळी दिसली नाही तरी ते लगेच टाकू नये. सरकीला बारीक छिद्र आहे काय, दोन सरक्या एकमेकींस चिकटल्या आहेत काय, तेवढे पाहून घ्यावे. झोपी जाणारी अळी पुष्कळदा तेथेच असते.